टिकलीची पिसं

१४ सप्टेंबर

आज पुन्हा पिसं!

पिंजऱ्याखालच्या वर्तमानपत्रावर ही एवढी. करडी, मऊ, बारीक. सकाळी गोळा करून टाकली, दुपारी पुन्हा तितकीच. मला आपलं वाटत होतं, पक्ष्यांची पिसं गळायचा एक हंगाम असतो, तो आला असेल. पण मघाशी डोळ्यांनी पाहिलं. टिकलीनं मान खाली घातली, छातीवरचं एक पीस चोचीत धरलं, ओढलं — आणि स्वतःच किंचाळली. मग दुसरं धरलं. दुखतंय तर ओढतेस कशाला, बाई?

पक्षी माझा नाही, हे आधी लिहून ठेवते. सुरभीचा आहे. बारावीच्या वर्षात "माझं मन रमतं" म्हणत हट्टानं आणलेला. दुकानदार त्याला कॉकटेल म्हणाला, खरं नाव कॉकॅटिएल आहे म्हणे. डोक्यावर पिवळा तुरा, गालावर भगवा ठिपका, म्हणून टिकली. आता लेक पुण्याला होस्टेलवर, आणि दाणे घाला, पाणी बदला, घाण काढा — सगळं माझ्याकडे. सासूबाई मांडीवर घेतात. तेवढंच त्यांच्याकडे!

१५ सप्टेंबर

पिसं.

१८ सप्टेंबर

सुरभीचा व्हिडिओ कॉल. टिकलीची छाती बघितली आणि रडायलाच लागली. "आई, तू तिच्याशी बोलतच नसशील! ती एकटी पडली असेल!"

मी दिवसभर शाळेत. आले की स्वयंपाक. दिवाळी अंकाची कथा संपादकांना कबूल केलेली, तिचं पहिलं पानही झालेलं नाही. आणि मी पक्ष्याशी बोलत नाही, हा माझा गुन्हा!

सासूबाईंनी कॅमेऱ्यात डोकं घातलं. "तू गेली तवापासून उपटून राह्यली व ते. याद येते तिले तुही. कराचं काय आता?" झालं. पोरगी आणखी रडली.

घरात आता हेच ठरलं आहे. टिकलीला सुरभीचा विरह झाला आहे. नवरा, प्रेमदाससुद्धा जेवताना गंभीरपणे म्हणाला, "मुकं जनावर, पण जीव लावते." लावते ना. मला चावते फक्त.

२१ सप्टेंबर

शेजारच्या सुलोचनाबाई आल्या. आल्या म्हणजे सल्ला घेऊनच आल्या.

"खोबरेल तेलात हळद कालवा अन् लावा छातीले. नाही तं आरसा ठेवा पिंजऱ्यात, जोडीदार वाटते त्याइले. अन् माझं ऐकसान तं एकदा मिरच्या उतरून टाका, नजर लागली असन."

मिरच्यांचा धूर! एवढ्याशा पक्ष्याला! मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "आमच्यात नाई करत ते नजर-फिजर. तुमची टाका उतरून, तुमच्या पोट्ट्याले नोकरी लागत नाई तं."

सुलोचनाबाई चहा न घेता गेल्या. मला हसू आवरेना. सासूबाईंचं हे मला फार आवडतं — पंचाहत्तरीला आल्या, पण कुणाला उत्तर शिळं देणार नाहीत.

तेल मात्र त्यांनी दुपारी लावलंच. मी शाळेतून आले तर टिकली चिंब तेलकट, थरथरत बसलेली. पिसांना तेल लागलं की ऊब धरत नाही, एवढं मी वाचलं होतं. कोमट पाण्यानं धुताना तिनं माझं बोट फोडलं. आई — सासूबाईंना मी आईच म्हणते — बाजेवरून बघत होत्या. "तुह्या हाताची सवय नाई तिले," म्हणाल्या. वर हे!

२४ सप्टेंबर

गुरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस. पिंजऱ्यात डोकावले, हसले. "बाई, कोंबडी असती तं सांगितलं असतं. हे आपल्याच्यानं नाही होत." त्यांनीच सावंगी रस्त्यावरच्या डॉ. रोशनी थूल यांचं नाव दिलं. तिथल्या मेडिकल कॉलेजची मुलं खोल्यांवर मांजरं, पक्षी पाळतात, त्यांच्यामुळे तिचा दवाखाना चालतो म्हणे.

२७ सप्टेंबर

प्रेमदासला सुट्टी होती, दोघं घेऊन गेलो. डॉक्टर म्हणजे मुलगीच, पण हात पक्का. टिकली रुमालात गुंडाळली गेली कधी ते कळलंही नाही. छातीची कातडी लाल. पायांचे तळवेही लालसर. पंखाखाली भिंग लावून बघितलं — उवा, गोचिडी काही नाहीत.

मग प्रश्न. घराला रंग दिला का? अगरबत्ती जाळता का? डासांची कॉईल? तळाला चिकटत नाही तो तवा? झोपायला अंधार मिळतो का? खायला काय? मी म्हटलं, दाणे. "फक्त दाणे?" अशा आवाजात की जणू मी लेकराला नुसत्या शेवेवर वाढवलं!

"घरात विडी, सिगरेट, तंबाखू?"

"छे," मी म्हणाले.

"आमच्या घरात सुपारीसुद्धा नाही," प्रेमदास म्हणाला. छाती जरा पुढे काढून.

तर आता असं: मेथी, गाजर, शेवग्याचा पाला. रोज पाण्याचा बारीक फवारा. संध्याकाळी लवकर पिंजरा झाकायचा. चोचीला काम हवं, म्हणून मक्याच्या कणसाची सालं टांगायची. तेल कदापि नाही. आरसा असेल तर काढा — सुलोचनाबाईंचा आरसा काल आलाच होता!

आणि निघताना म्हणते, "शीळ घालतो ना? मग हा नर असणार." घरी येऊन सांगितलं. आई म्हणाल्या, "असन. नाव टिकलीच राहीन."

१ ऑक्टोबर

मेथी खात नाही. गाजर फेकते. शेवगा तुडवते.

५ ऑक्टोबर

वाणसामान आणलं. गहू दळायला टाकले. आईंचं दाताचं संपलं होतं, तेही आणलं. टिकलीला हिरवी मिरची आणली, ती मात्र आवडीनं खाल्ली. कथा? कथेचं विचारू नये.

९ ऑक्टोबर

आज शाळेतून लवकर सुटले. पडवीत कुणाला चाहूल नाही. बाजेवर आई पाय पसरून, टिकली त्यांच्या मांडीवर. आई अंगठ्यानं तिच्या छातीवरून खाली, खाली, हळूहळू हात फिरवत होत्या आणि गावच्या, आंजीच्या शेताचं काही सांगत होत्या — दीर बंडूभाऊंनी बांध कसा कोरला, जाऊ जयवंतावहिनींचा गुडघा. टिकलीचे डोळे मिटलेले. तुरा आडवा. असं सुख मी त्या पक्ष्याच्या तोंडावर कधी पाहिलं नाही. पक्ष्याच्या कशाला, आईंच्याही.

मला पाहिल्यावर दोघी सावध झाल्या. मीच परकी!

सासरे गेल्यावर दीर म्हणाले होते, आईला गावातच राहू दे. प्रेमदास घेऊन आला. वर्ध्यात त्यांना बोलायला कोण आहे? मी वह्या तपासत असते, प्रेमदास ऑफिसातून येऊन मोबाईलमध्ये. सुरभी होती, ती गेली. मग राहिलं पाखरू. हे मला समजतं. पण टिकली मांडीवरून उतरली रे उतरली की लगेच छातीकडे वळते आणि उपटायला लागते! एवढे लाड झाल्यावर तरी समाधान असावं की नाही!

१७ ऑक्टोबर

सुरभी सुट्टीला आली! टिकली तिच्या खांद्यावरून उतरेना. शिळा काय, नाच काय. मला वाटलं, सुटलो.

२० ऑक्टोबर

सुटलो कसले! लेक समोर बसलेली, आणि टिकली ओढतेय पिसं. विरह, विरह करत होते सगळे. आता कुणाचा विरह?

मी आईंना तसं म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुन्ना जाणार हाय हे समजते तिले."

यावर काय बोलायचं? सुरभी पण मान हलवते! प्रेमदास म्हणाला फटाक्यांनी घाबरली असेल. घरात प्रत्येकाकडे एकेक कारण आहे आणि झाडू फक्त माझ्याकडे.

२ नोव्हेंबर

सुरभी गेली. पुन्हा तेच.

हल्ली किंचाळते पण. आई आंघोळीला गेल्या की सुरू, येईपर्यंत. मी "गप" म्हटलं की जास्त. वाचलं की ओरडल्यावर लक्ष दिलं तर सवय लागते, दुर्लक्ष करावं. मी दुर्लक्ष केलं. समोरच्या घरातून माणूस विचारायला आला, "काही झालं काय जी तुमच्याकडे?"

९ नोव्हेंबर

रक्त!

छातीवर रुपयाएवढी जागा, ओली. मी डॉक्टरांना फोन केला, लगेच या म्हणाल्या. आई म्हणाल्या, "मी येतो." मी म्हटलं, तुम्ही कशाला, ऊन आहे. "मी येतो म्हनलं ना!" प्रेमदासनं शेजारची गाडी मागितली. पिंजरा आईंच्या मांडीवर.

आता तिथं जे झालं ते नीट लिहिते. लिहिल्याशिवाय डोकं शांत व्हायचं नाही.

डॉ. थूल टिकलीला रुमालात धरत होत्या, ती किंचाळत होती. आईंना बघवेना. "जय भीम पोरी, तसं नको धरू वं, मले दे." आणि घेतलंच तिला. डाव्या तळहातावर बसवलं, उजव्या अंगठ्यानं छातीच्या कडेनं हात फिरवला. टिकली गप्प. डॉक्टर पुढे वाकून बघायला लागल्या. आधी टिकलीकडे. मग अंगठ्याकडे.

"आजी, तुम्ही तंबाखू खाता का?"

"नाई व माय! पंचशील म्हननारी बाई मी."

"नाही हो, आमच्याकडे कुणीच नाही," मीही म्हणाले. लगेच! आणि खोटं बोलतेय असं मला क्षणभरसुद्धा वाटलं नाही.

"मग अंगठ्याला हे पिवळं कशाचं?"

"हे होय? दाताले लावतो मी. दाढ ठनकते माही."

"काय लावता?"

आई माझ्याकडे बघायला लागल्या. मी प्रेमदासकडे. प्रेमदास भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्राकडे.

"चुन्यात मळून लावता का, आजी?" डॉक्टरनं अगदी हळू विचारलं.

"मंग कशात मळन?" आई म्हणाल्या.

तंबाखू! वीस वर्षं मी वाणसामानात आणतेय ती पुडी. कागदात गुंडाळून. आमच्या घरात ती तंबाखू नाही, ती "दाताचं" आहे. आई खात नाहीत, लावतात. सासरे विहारात दर रविवारी लोकांना पंचशील देत, नशेचं काही घेणार नाही हे वाक्य अख्ख्या गावाकडून म्हणवून घेत — आणि बायको त्यांच्याच मागे बसून दाढेत चिमूट धरून तेच वाक्य म्हणे. कसं जमायचं? तर ती खात नव्हती, लावत होती. मी लग्न होऊन आले तेव्हा जयवंतावहिनींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं: "आईचं दाताचं म्हनाचं. दुसरं नाव नाई घ्याचं." मी इतकं पक्कं शिकले की डॉक्टरसमोर देखील मला तंबाखू आठवली नाही!

डॉक्टरनं समजावलं. हाताला तंबाखूचं पाणी आणि चुना राहतो. तो पिसांना लागतो, कातडीला लागतो. आग होते, खाज सुटते. पक्ष्याकडे खाजवायला चोचच. म्हणून छाती आणि पायच लाल — जिथं आजींचा हात फिरतो, जिथं ती आजींच्या तळहातावर बसते. "रागवू नका आजी. खायचं तुमचं तुम्ही बघा. पण तिला घ्यायच्या आधी साबणानं हात धुवा, दोनदा. एवढ्यानं बरी होईल. नाही तर जखम चिघळेल, एवढासा जीव आहे, वाचायचा नाही."

आईंनी टिकलीला रुमालावर ठेवलं. हात पदराखाली घेतला. गाडीत बसलो. टिकलीच्या गळ्यात प्लास्टिकची गोल चकती, जखमेपर्यंत चोच पोचू नये म्हणून. ती त्यात अडकून सारखी तोल जाऊन पडत होती, आणि एरवी हसून लोटपोट झाले असते ती मी, खिडकीबाहेर बघत होते.

१० नोव्हेंबर

मला राग आलाय. लिहूनच टाकते. पिसं झाडली मी. मेथी निवडली मी. चावे खाल्ले मी. लेकीची बोलणी ऐकली मी. आणि कारण आईंच्या अंगठ्यात!

प्रेमदासवरही राग. "तुला माहीत होतं की!" म्हटलं. म्हणाला, "माहीत असणं वेगळं. कोणी नाव घेतलं नव्हतं ना आजपर्यंत. माह्यासमोर तं नाहीच."

११ नोव्हेंबर

पडवीतल्या नळाशी नवा साबण ठेवला. गुलाबी, वासाचा. डबीत घालून.

आईंनी बघितला.

१२ नोव्हेंबर

साबण कोरडा.

१३ नोव्हेंबर

कोरडा! टिकलीला त्यांनी हातच लावलेला नाही. बाज उचलून पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेली, पिंजऱ्याकडे पाठ करून बसतात. टिकली चकतीतून किंचाळते, किंचाळते. आई ढिम्म. मी म्हटलं, "आई, हात धुऊन घ्या ना तिला. दोन मिनिटांचं काम."

"माह्या हाताचा इटाळ होते काय पाखराले?"

मी खरंच वैतागले. "विटाळ कसला आई! तंबाखूचा प्रश्न आहे. डॉक्टरनं सांगितलं. इथं विटाळ कुठून आला?"

त्या म्हणाल्या, "शब्द बदलला म्हून काय झालं. हात धू, मंग शिव. हेच म्हनते ना ते?"

मी स्वयंपाकघरात गेले. कणीक तिंबताना हळूहळू कळायला लागलं, आणि कळल्यावर कणकेतून हात काढवेना. लहानपणी गावच्या विहिरीवर आईंना दोर धरू देत नव्हते. कुणी तरी वरून पाणी ओतायचं, या खाली ओंजळ धरायच्या. हे त्यांनीच सांगितलंय, सुरभीला, हसत, गोष्टीसारखं. आणि मी त्यांच्यासाठी नळाशी साबण ठेवला. डबीत. वासाचा.

पण मग मी करायचं काय? टिकलीची छाती खरी आहे. तंबाखू खरी आहे. जगात प्रत्येक गोष्टीला एवढा जुना अर्थ असेल तर माणसानं साधं सांगायचं तरी कसं?

साबण उचलून ठेवला.

१९ नोव्हेंबर

बोलले. समोर बसून, नीट. म्हटलं, आई, ही गोष्ट हाताची नाही, चुन्याची आहे. माझ्या हाताला चुना लागला असता तर मलाही धुवावे लागले असते.

"तुले कोनी म्हनलं असतं काय?" एवढंच विचारलं त्यांनी.

मग म्हणाल्या, "अन् मी म्हनतो माह्यानं नाईच होत हे. पोट्टीची याद येते तिले."

पुन्हा पहिल्या पानावर!

२३ नोव्हेंबर

आई आंजीला जातायत. बंडूभाऊंना फोन त्यांनीच केला. "कापूस घरात येऊन राह्यला, जयवंताच्या गुडघ्यानं होत नाई," असं प्रेमदासला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. या माणसाला वीस वर्षांत आईच्या बोलण्यातलं दुसरं बोलणं कधी ऐकू आलं नाही, का येतं आणि हा ऐकत नाही?

मला मात्र स्वयंपाकघरात येऊन सरळ सांगितलं. "मी जातो. पाह्यजो, मी नसतानी बी उपटते का नाई. उपटलं तं समजजो, माह्या हाताचं नव्हतं. मंग येतो मी."

"आणि नाही उपटलं तर?" — हे मी विचारायला नको होतं. वैतागात गेलं तोंडातून.

त्या डबा भरत होत्या. झाकण दाबून बसवलं.

२४ नोव्हेंबर

प्रेमदास एसटीत बसवून आला. निघताना आई पिंजऱ्यापाशी थांबल्या. हात मागे बांधलेले. "चाल टिकले," म्हणाल्या. टिकली तारेला येऊन चिकटली.

२७ नोव्हेंबर

दिवसभर हाका. पक्षी हाका मारतो हे मला ठाऊक नव्हतं. एक चढा सूर, मग थांबून कान देणं, मग पुन्हा. मी गेले तर बघते, "तू नाही" अशी, आणि तोंड फिरवते. दाणे अर्धे तसेच. डॉक्टर म्हणाल्या, "कुणी तरी त्याच वेळी, त्याच जागी बसायला हवं." कुणी तरी म्हणजे कोण ते सांगायला नको.

२ डिसेंबर

शाळेतून आले की बाजेवर बसते. वह्या तिथंच तपासते. टिकली पिंजऱ्याच्या छतावर, पाठमोरी. आम्ही दोघी एकमेकींचा राग राग करत ऊन उतरेपर्यंत बसतो.

६ डिसेंबर

आज सुट्टी. सकाळी विहारात जाऊन आलो. आईंची जागा मोकळी होती, तिथं कुणी बसलं नव्हतं.

आल्यावर चकती काढली. जखम वाळली आहे. श्वास रोखून पाहत होते. तिनं चोच छातीपर्यंत नेली. थांबली. मग पंख विंचरत बसली, चांगल्या मुलीसारखी. उपटलं नाही!

उद्या उपटेल. मला ठाऊक आहे.

७ डिसेंबर

नाही उपटलं.

१५ डिसेंबर

पांढऱ्या टोकदार नळ्या! छातीभर, काट्यांसारख्या. मी घाबरून डॉक्टरांना फोटो पाठवला — आता हे काय नवं? त्यांचा फोन आला, हसत होत्या. "मॅडम, नवी पिसं आहेत ती. नळी फुटून उलगडतील. हात लावू नका, दुखतात."

मी पडवीत एकटीच टाळ्या वाजवल्या. टिकलीनं तुरा उभा केला. मग — हे लिहिताना मला लाज वाटत नाही — मी तिला कथा वाचून दाखवली. अंक केव्हाच निघाले, माझी कथा आता पुरी होतेय. तिनं शेवटपर्यंत ऐकली. चावली नाही.

२८ डिसेंबर

छाती भरली. करडी, नवीकोरी, चकचकीत. एक जागा उघडी नाही. सुरभी व्हिडिओवर नाचली. "आई, यू आर ग्रेट!" आता मी ग्रेट. दाणे, मेथी, गाजर, सगळं खाते. सकाळी शिळा घालते, लांबलचक, शेवटी गिरकी घेऊन.

बरोबर निघालं ना माझं? अंगठाच होता ना? एवढे महिने घरात मला कुणी बोलू दिलं नाही! मी प्रेमदासला म्हटलं, आत्ता आईंना फोन लाव.

"राहू दे," तो म्हणाला.

"काऊन?" मी त्याच्याच भाषेत चिडून विचारलं.

त्यानं टिकलीकडे बघितलं. मग म्हणाला, "राहू दे ना रूपाली. घाई काय आहे?"

४ जानेवारी

कळलं मला. "उपटलं तं येतो मी," म्हणाल्या होत्या आई. त्याला लगेच कळलं होतं, मला आठवडा लागला.

बाज पुन्हा पिंजऱ्याजवळ आणली आहे. कुणी बसत नाही.

११ जानेवारी

दुपारी आंजीहून आईंचा फोन. जयवंतावहिनींनी लावून दिलेला. मी सगळं ठरवून ठेवलं होतं.

"उपटते काय अजून?"

"हो आई," मी म्हणाले. "तशीच आहे. रोज उपटते. तुमच्या हाताचं नव्हतंच ते. या तुम्ही."

माझ्या मागे टिकली शीळ घालत होती — लांब, शेवटी गिरकी घेऊन. मी फोन छातीशी दाबला, पण उशिरा.

"उघड्या छातीनं असं नाई वाजवत ते," आई म्हणाल्या. "पिसं आले तिले."

मग म्हणाल्या, "बरं झालं वं. मी इथंच बरी."